पालखीपुढची गिटार

माझा भाऊ ज्ञानदेव विजेवरची गिटार वाजवायचा, ब्लूज रॉकची. आठवडाभर पिरंगुटच्या कारखान्यात लेथवर उभा राहायचा आणि रविवारी पुण्याच्या कॅम्पातल्या पोरांबरोबर कार्यक्रम करायचा. चौऱ्याऐंशी साल होतं. आमच्या गावात ब्लूज कुणाला ठाऊक असणार? मी विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "केशर, अमेरिकेत गोऱ्यांच्या रानात काळी मानसं राबायची. त्यांच्या पोटातनं आलंय हे गानं." आमच्या घरात हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं.

पण त्याच घरात गिटारला जागा नव्हती. आमचे वडील, आबा, तरुणपणी हलगी वाजवत. लग्न असो, मयत असो, पालखी असो, पुढे आमचंच घराणं, अनवाणी. मग पंगती उठल्या की उरलंसुरलं आमच्या पदरात. बौद्ध झाल्यावर आबांनी हलगी नदीत फेकली. "आता कुनाच्याम्होरं वाजवायचं न्हाई," एवढंच बोलले. पोरानं पुन्हा वाद्य हातात घेतलं म्हटल्यावर त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. दादा गिटार विहारातल्या कपाटात ठेवायचा. पुण्यातल्या टाळ्यांनी त्याचं मन भरत नव्हतं. आबांनी एकदा ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून हैबतरावांनी जत्रेत कार्यक्रम करायला सांगितलं तेव्हा तो हुरळून गेला. हैबतराव जत्रेचे पंच आणि अर्ध्या गावाच्या जमिनीचे मालक. त्यांच्याच घरून स्टेजवर वीज आणली. कॅम्पातली पोरं ड्रम घेऊन आली. आबा "येनार न्हाई" म्हणाले होते, तरी चिंचेखाली पाठ करून उभे होते. दादानं त्यांना पाहिलं. जुळवलेल्या तारा त्यानं पुन्हा जुळवायला घेतल्या.

तेवढ्यात पालखी निघाली आणि हैबतराव स्टेजपाशी आले. "ज्ञाना, आदी पालखीम्होरं वाजीव. तुझ्या आज्ज्याचा मान हाय त्यो."

मान! आजही तो शब्द आठवला की माझं डोकं फिरतं.

"ही चालताना वाजत न्हाई, हैबतराव. वायर असती," दादा म्हणाला.

"सोय केलीया की! जनरेटर न् तुझी आवाजाची पेटी बैलगाडीत ठिवतो. तू गाडीम्होरं चाल."

म्हणजे वायरीचं दावं लावून माझ्या भावाला बैलांच्याही पुढे चालवायचं!

ड्रमवाला हळूच म्हणाला, "वाजव ना यार, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. काय बिघडतंय?"

त्याचं काहीच बिघडत नव्हतं. कॅम्पात जाऊन तो हाच किस्सा रंगवून सांगणार होता.

दादानं चिंचेकडे पाहिलं. आबा आता वळून बघत होते.

"न्हाई," दादा म्हणाला. "हितं स्टेजवर वाजवीन. कुनाच्याम्होरं चालनार न्हाई."

हैबतरावांनी नुसता हात केला आणि कुणीतरी वीज तोडली. दादानं तार छेडली, आवाज आलाच नाही. लोक खो खो हसले. तेच लोक, ज्यांच्या भाताच्या लावणीला माझी आई कंबर मोडून घेत होती. मला दगड उचलावासा वाटला.

आबा गर्दीतून आले. पायातल्या वहाणांसकट स्टेजवर चढले, दादाशेजारी बसले आणि गिटारच्या लाकडाला कान लावला. "वाजीव," म्हणाले.

दादानं अख्खं गाणं वाजवलं. समोरून ढोल बडवत पालखी निघून गेली. दादानं काय वाजवलं ते गावात एकट्या आबांना ठाऊक. ऐकताना ते रडत होते, आणि रागानं त्यांचा जबडा आवळलेला होता.

कॅम्पातल्या पोरांनी दादाला पुन्हा बोलावलं नाही. त्यांचा आणि गावाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या दिवशी गिटार घरी आली. आईनं ती कौतुकानं भिंतीवरच्या जुन्या खुंटीला अडकवायला घेतली. तीच हलगीची खुंटी.

"तितं न्हाई!" आबा कडाडले. त्यांनी गिटार आईच्या हातातून घेतली, स्वतःच्या उशाशी ठेवली आणि बत्त्यानं घाव घालून ती खुंटी भिंतीतून उखडून काढली.