खाडीच्या मुखावरचा तारा

मी आकाशगंगांचे नकाशे काढतो. खऱ्या नव्हेत, कल्पनेतल्या. अंतराळातल्या लढायांचे जे खेळ लोक कॉम्प्युटरवर खेळतात, त्यांना तारे लागतात, ताऱ्यांमधल्या वाटा लागतात, साम्राज्यांच्या सरहद्दी लागतात. हे कुणीतरी बसून काढावं लागतं. ते मी रत्नागिरीत, मागच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत बसून काढतो. काय करतोस, असं कुणी विचारलं की पूर्वी मी खरं उत्तर द्यायचो. समोरचा माणूस विचारायचा, की ते ठीक आहे, पण नोकरी कुठे करतोस? आता मी 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगतो. मग विषय आंब्यावर जातो आणि दोघांचीही सुटका होते.

त्याआधी काही वर्षं मी एका कंत्राटदाराकडे गावांचे नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं काम करत होतो. जुने कागद स्कॅन होऊन यायचे आणि त्यांवरच्या जमिनींच्या हद्दी आम्ही माऊसने गिरवायचो. सॉफ्टवेअर फुकट मिळणारं होतं आणि हात बसलेला होता. त्यामुळे पहिलं परदेशी गिऱ्हाईक मिळालं तेव्हा नवीन काही शिकण्याच्या फंदात न पडता मी त्याच सॉफ्टवेअरमध्ये आकाशगंगा काढायला घेतली. कोरी फाईल उघडायचाही आळस केला. जिल्ह्याची जुनी फाईल होती, तिच्यातली गावं, नद्या, रस्ते बंद केले, तिला नवं नाव दिलं आणि काळ्या पडद्यावर तारे ठोकत सुटलो.

आता त्या सॉफ्टवेअरला प्रत्येक ठिपका पृथ्वीवर नेमका कुठे आहे हे माहीत असावं लागतं. जुन्या फाईलला आमच्या जिल्ह्याचे अक्षांश-रेखांश चिकटलेले होते. ते तसेच राहिले आणि माझ्या लक्षातही आलं नाही. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी भलत्याच ठिकाणी क्लिक झालं, बंद केलेला जिल्हा पुन्हा उमटला आणि माझी अख्खी आकाशगंगा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेली दिसली. दुष्ट साम्राज्याची राजधानी संगमेश्वरात होती. अंतराळातल्या चाच्यांनी वेळणेश्वरला देवळाच्या मागे तळ ठोकला होता. बरेचसे तारे अरबी समुद्रात गेले होते. मी एकटाच हसत बसलो.

हसण्याचा आवाज ऐकून वडील आले. वडील बसस्थानकावर नियंत्रक होते. गाड्या फलाटाला लावायच्या, सुटणाऱ्या गाडीची घोषणा करायची, हे त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावरही रस्त्यात कुणी भेटलं की त्याला न विचारता गाडीची वेळ सांगतात. फक्त दाभोळची गाडी कुणी विचारली तर म्हणतात, खिडकीवर चौकशी करा. कारण दाभोळला, वाशिष्ठीच्या खाडीच्या मुखावर, माझी धाकटी बहीण असते. तिथल्या मच्छीमार घरातल्या मुलाशी तिने आपल्या मनाने लग्न केलं. जात वेगळी. तेव्हापासून वडिलांनी तिचं नाव टाकलं. आई गेली तेव्हा ती आली होती, पण वडील ओसरीवर पाठ करून बसले ते ती जाईपर्यंत तसेच बसून राहिले. मी तिला फोन करतो हे त्यांना माहीत आहे. मी तिच्याशी बोलायला लागलो की ते टीव्हीचा आवाज हळूच कमी करतात. विचारत मात्र काही नाहीत. मला या सगळ्याचा कंटाळा आला होता आणि मी त्यात पडणं सोडून दिलं होतं.

त्या सकाळी मी त्यांना समजावलं, की हे खोटे तारे चुकून आपल्या जिल्ह्यावर पडलेत. त्यांना त्यात चूक अशी काही वाटली नाही. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि नकाशा वाचायला घेतला. राजधानी संगमेश्वरला हे त्यांना पटलं. हायवेवर आहे, म्हणाले. चाच्यांबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. मग बोट किनाऱ्यावरून वर सरकत सरकत वाशिष्ठीच्या खाडीपाशी आलं आणि तिच्या मुखावर थांबलं.

"हितं काय हाय?" त्यांनी विचारलं.

तिथे एक लहानसा पिवळा तारा होता. कडेला फार मोकळं दिसतंय म्हणून मी तो टाकला होता. एक ग्रह आहे, वस्ती आहे, असं मी सांगितलं.

"बरी हायत काय तिथली माणसं?"

मी पडद्यावरची नजर न काढता म्हटलं, "बरी आहेत. परवाच घरावर नवे पत्रे घातले."

"बरं झालं," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर ते रोज न्याहारी झाली की यायला लागले. आधी रीतसर राजधानीची चौकशी व्हायची, साम्राज्याची फौज कुठवर आली ते विचारायचे आणि मग बोट खाडीकडे वळायचं. जिल्हा खाली दिसत राहिला की तारे निवडताना माझा जीव मेटाकुटीला यायचा, पण मी तो बंद केला नाही. ताऱ्यावर कुणाला खोकला झाला होता, तो बरा झाला. ताऱ्यावरची लहान मुलगी पहिलीत जायला लागली. एकदा वडिलांनी तक्रार केली, की या ताऱ्याला जायला धड वाटच नाही, पार चिपळूणवरून वळसा पडतो. त्यांनी मला जयगडला एक आणि धोपाव्याला एक अशा दोन फेरीबोटी टाकायला लावल्या. मी दोन छोट्या अंतराळवाटा काढल्या. या जवळच्या वाटेमुळे खेळाला मजा आली, असं गिऱ्हाईकाने कळवलं. वडिलांना ते सांगितलं तर म्हणाले, येणारच.

मला हे हास्यास्पद वाटायचं आणि बरंही वाटायचं. जास्त करून बरंच वाटायचं. बहिणीला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली. पुढे तीच फोनवर सांगायला लागली, की ताऱ्यावर आज कोळंबी खूप आली म्हणून सांग, ताऱ्यावरच्या पोरीचा पहिला दात पडला म्हणून सांग. मी सांगायचो. एकदा मात्र तिने विचारलं, की एवढी चौकशी करतात तर येत का नाहीत? तुला माहीतच आहेत ते, असं काहीतरी मी बोललो. तिला माहीत होतंच, पण आशा काही सुटत नव्हती.

पावसाळा संपत आला तेव्हा गिऱ्हाईकाचा मेल आला. खेळाच्या दुसऱ्या भागात एक तारा फुटायचा होता. पश्चिमेच्या टोकाला, खेळणारे फारसे फिरकत नाहीत असा एक तारा त्यांनी निवडला होता. तो पुसून तिथे लाल धुळीचा ढग दाखवायचा. मी दुसरा तारा सुचवून पाहिला, पण त्यांची गोष्ट लिहून झाली होती. काम ते काम. सकाळी बसून मी तारा काढून टाकला, वाटा पुसल्या, ढग रंगवला, फाईल पाठवली आणि जेटीवर मासळी आणायला गेलो.

बांगडे घेऊन परत आलो तर वडील माझ्या खुर्चीत बसले होते. समोर पडद्यावर जिल्हा होता आणि खाडीच्या मुखावर तांबडा डाग होता.

"हितली वस्ती कुटं गेली?"

मी सांगितलं, की गिऱ्हाईकाच्या गोष्टीत तो तारा फुटतो.

"आणि माणसं?"

खोटं सांगता आलं असतं. सुचलं नाही. म्हटलं, "गोष्टीत कुणी वाचत नाही."

त्यांनी चष्मा काढला. हा सगळा खेळ आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी पडद्यावरचा तो डाग त्यांनी बोटाने पुसून पाहिला. मला हसू आलं नाही. त्यांची कीव आली, आणि एवढी वर्षं फुकट घालवल्याचा रागही आला. ते उठले, पिशवीत कपड्यांचा एक जोड घातला, चपला पायात सरकवल्या. जाऊन येतो, म्हणाले. मी येऊ का बरोबर, असं विचारलं तर तू तुझं काम कर म्हणाले. कुठे जाताय, हे मी विचारलं नाही.

बांगड्यांचं कालवण मी एकट्यानेच खाल्लं. दुपारी कामाला बसलो, पण फार काही झालं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास बहिणीचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती, आतल्या खोलीत कुणी झोपलं असावं तशी.

"दादा, बाबा आलेत. दारातच उभे राह्यले. माझ्याकडे बघत होते नुसते. मग म्हणाले, 'तू हायस ना गो?' मी म्हटलं, 'हाय की. मी कुठं जाणार?'"

मग तिने बाहेर डोकावून पाहिलं असावं.

"आता बाकावर बसून रडतायत," ती म्हणाली. "काय करू मी?"

जेवायला वाढ, मी म्हटलं.