माझी दोरी पाण्यातच राहिली

त्या तिघांनी वार बदलला आणि मला सांगितलं नाही. तोंडावर शिवी घातली असती तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. भांडण मला जमतं, माझा अर्धा धंदाच त्यावर उभा आहे. पण शुक्रवारचा रविवार करायचा आणि मला तळ्याच्या काठावर एकट्याला वाट बघत बसवायचं, असं मला आजवर कुणी केलं नव्हतं.

बोईसरला माझं जुन्या इलेक्ट्रिक मोटारी आणि पंपांचं दुकान आहे. खानदेशातून आलो तेव्हा कारखान्यात हेल्पर होतो, साहेबांच्या हाताखाली पाने-पक्कड उचलून द्यायचो. पुढे मोडीत निघालेल्या मोटारी विकत घ्यायला लागलो, दुरुस्त करून विकायला लागलो. कुणी बोट धरून शिकवलं नाही. भाव करायला मात्र शिकलो, आणि इतका शिकलो की शेजारचे दुकानदारही मोठी खरेदी असली की मला बरोबर नेतात.

काका माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आले होते. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, पालघरला मुलाकडे राहतात. त्यांना बागेसाठी लहान पंप हवा होता. मी भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही, पंप खाली ठेवला आणि दोर हातात घेतला. पंप टांगायला त्या दोराला मी गाठ मारली होती.

"ही गाठ कुठे शिकलास?"

"विहिरीत पंप सोडता सोडता."

"मासे धरतोस?"

"नाही."

"मग ही गाठ वाया चाललीय. दुकान कधी बंद असतं?"

शुक्रवारी, म्हणालो. पंप त्यांनी घेतला नाहीच. त्या शुक्रवारी मला मात्र घेऊन गेले.

मनोरच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की एक जुना बंधारा लागतो, त्याच्यामागे अडलेलं पाणी म्हणजे ते गावतळं. तिथे आणखी दोघं असायचे. एक, ज्याचं भाताचं शेत तळ्याला लागून आहे तो दादा. पावसाळ्यात शेती करतो, पुढे वीटभट्टीवर जायचा, आता गुडघे दुखतात म्हणून जात नाही. दुसरा टेम्पोवाला, मूळचा गोरखपूरकडचा, कारखान्यांचा माल वाहतो. चौघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून जमायचं. सात वर्षं जमलं.

माझी चेष्टा नेहमीची होती. मासा गळाला लागायला उशीर झाला की दादा म्हणायचा, "शेट, भाव थोडा उतरवा, तो गिऱ्हाईक पाण्यात इचार करत हाय." टेम्पोवाला म्हणायचा, "सेठजी से मछली भी उधार माँगती है." काका हसायचे नाहीत, पण त्यांचं पोट हलायचं. दुकानात माझ्याशी असं कुणी बोललं असतं तर मी त्याला पायरी उतरायला लावली असती. तिथे मी हसायचो.

आणि ते तळं आम्हाला राहिलं माझ्यामुळे, हेही सांगून टाकतो. मध्यंतरी बाहेरचे लोक जाळी टाकून सगळे मासे ओरबाडून गेले, तेव्हा गावाने बाहेरच्यांना बंदी केली. गावाच्या बैठकीत जाऊन मी दोन तास डोकं लावलं. काका गप्प, टेम्पोवाला गप्प, दादाला तर आपल्याच गावकीपुढे बोलायची लाज. शेवटी ठरलं ते मी ठरवलं: गळ चालेल, जाळं चालणार नाही, आणि माणसं चारच. बाहेर आल्यावर काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते, म्हणून जास्तच राग येतो.

आमचे तिथले नियम दोनच. ज्याने ज्या जागी रोज चारा टाकून मासा सवयीचा केला, त्या जागी दुसऱ्याने बसायचं नाही. आणि मोठा मासा लागला की ज्याला लागला त्याने "उचला" अशी हाक द्यायची. हाक आली की बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या पाण्याबाहेर काढायच्या, मग आपल्या गळाला काहीही लागत असो. कारण मोठा मासा आडवा पळतो. त्याची दोरी दुसऱ्याच्या दोरीत अडकली की ताणाला कापली जाते.

यंदा संक्रांतीनंतर तळ्यात एक कटला दिसायला लागला. पहाटे वर यायचा, पाठ दाखवायचा आणि बुडायचा. सुपाएवढा रुंद. तो मला हवा होता. सलग एकवीस दिवस मी दुकान उघडण्याआधी स्कूटरने तळ्यावर जाऊन चारा टाकला. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेलं बेसन, वर थोडा गूळ. अंगावर स्वेटर, हाताला पेंडीचा वास. बायको म्हणाली, "एवढं पोरांना कधी भरवलं नाहीत." खरं होतं, म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

बाविसाव्या दिवशी शुक्रवार होता. मी माझ्या जागी, काका माझ्या डावीकडे पंधरा पावलांवर. त्यांनी चारा एक मूठसुद्धा टाकला नव्हता. सकाळी नऊच्या सुमारास माझ्या दोरीवरचं तरंगतं बूच हललं. एकदा, दोनदा, मग सरळ खाली गेलं. मी काठी उचलली आणि हाताला वजन लागलं. तेवढ्यात काकांची हाक आली.

"उचला!"

"मलाही आहे!" मी ओरडलो.

"उचला रे!"

दादा आणि टेम्पोवाल्याच्या दोऱ्या बाहेर आल्या होत्या. काकांची काठी कमानीसारखी वाकलेली. ते मागे रेलून उभे होते, टाचा चिखलात रुतलेल्या. एकाहत्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.

"अरे बाबा, उचल!"

मी उचलली नाही. मासा आडवा आला, माझ्या दोरीवरून गेला, दोन्ही दोऱ्या पिळल्या आणि काकांची तुटली. कटला एकदा वर आला, कूस बदलली, शेपटीने पाणी मारलं आणि गेला.

"गेला," काका म्हणाले.

मी माझी दोरी ओढून घेतली. गळाला मासा नव्हता. टेम्पोवाला जवळ आला, गळावरच्या कणकेकडे वाकून बघायला लागला.

"सेठजी, आटा तो लगा हुआ है."

"अर्धा गेलाय. दिसत नाही का?"

"पानी में भी आधा गल जाता है."

"तुला काय कळतं? तू टेम्पो चालव."

तो मागे सरकला. दादा जमिनीकडे बघत तंबाखू मळत राहिला. काकांनी थर्मास उघडला, चौघांना चहा ओतला, मलाही. माझ्या कपात नेहमीइतकाच. मला वाटलं, संपलं.

पुढच्या शुक्रवारी कुणी आलं नाही. लग्नसराई आहे, म्हणून सोडून दिलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही कुणी नाही. फोन केला तर काका म्हणाले, जरा कणकण आहे. टेम्पोवाल्याने फोन उचलला नाही. तिसऱ्या शुक्रवारी दादाची बायको कपडे धुवायला काठावर आली.

"दादा कुठे आहेत?" मी विचारलं.

"घरी हायत. बोलावू?"

"मासे धरायला येत नाहीत का आता?"

"येतात ना. आयतवारी येतात, तिगं पण." मग तिच्या हातातला कपडा थांबला. "तुमाला नाय सांगितला?"

रविवार हा माझ्या दुकानाचा सगळ्यात चांगला वार. शेतकरी, सोसायटीवाले, सगळे रविवारी येतात, हे त्या तिघांना ठाऊक होतं. वार त्यांनी नेमका निवडला होता. त्या रविवारी मी शटर उघडलंच नाही, सरळ तळ्यावर गेलो. तिघं बसले होते. माझी जागा रिकामी होती. तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं, हे मी आधी पाहिलं.

"या शेट," दादा म्हणाला.

"कणकण उतरली वाटतं," मी काकांना म्हणालो.

"उतरली."

"मला वगळायचं होतं तर सांगायचं. मी काय तुमच्या दारात येऊन रडलो असतो?"

काकांनी आपली दोरी थोडी ओढून घेतली. मग मी बोललो, आणि बरंच बोललो. ही परवानगी माझ्या शब्दावर आहे, मी गावात जाऊन नुसतं नको म्हटलं तर उद्या तुमच्या काठ्या जप्त होतील, इथपर्यंत बोललो. दादाने मान वर केली.

"शेट, गाव आमचा हाय."

आवाज चढवला नाही त्याने. सात वर्षांत तो माझ्याशी चेष्टेखेरीज असं पहिल्यांदा बोलला.

काका म्हणाले, "हे बघ, चुकलो म्हण आणि बस. जागा तुझीच आहे."

"म्हणतो. पण आधी तुम्ही म्हणा, माझ्या गळाला मासा होता."

"मला काय माहीत होता की नव्हता?"

"मग मी चुकलो हे तरी तुम्हाला कसं माहीत?"

"तीन हाका दिल्या मी."

"पहिल्या हाकेला माझ्याकडे मासा होता. एवढं मान्य करा, तिसऱ्या हाकेचं मी मान्य करतो."

टेम्पोवाला हसला. "काका, सौदा हो रहा है."

"तू गप बस," मी म्हणालो.

"बरं, होता असेल," काका म्हणाले.

"असेल नाही. होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेशन झालेला डोळा उन्हात पाणावला होता, तो त्यांनी मनगटाने पुसला. मग म्हणाले, "होता. तुझ्या गळाला मासा होता. दोष माझा, मी घाईने हाक दिली. झालं? आता बस." आणि पाण्याकडे वळले.

मागितलं तेवढं सगळं मला मिळालं होतं, वर आणखी थोडं. दुकानात असं गिऱ्हाईक मी रोज बघतो. त्याला वस्तू नको असते, माझं तोंड बंद व्हायला हवं असतं, म्हणून मी सांगेन तो भाव देतो आणि पुन्हा कधी येत नाही. त्याची पाठ कशी दिसते ते मला माहीत आहे. काकांची तशीच दिसत होती.

खरं काय ते इथे लिहितो. पहिल्या हाकेला वजन होतं. दुसऱ्याला होतं की नाही, सांगता येत नाही. तिसऱ्या हाकेला दोरी सैल झाली होती, आणि ते माझ्या हाताला कळलं होतं. एकवीस दिवस चारा मी घातला आणि मासा न घातलेल्याला लागला, एवढंच डोक्यात होतं, म्हणून काठी धरून ठेवली. हे तिथे, त्या क्षणी, म्हणता आलं असतं. पण समोरच्याने पूर्ण भाव मोजल्यावर आपण माल खोटा होता म्हणून सांगायचं, हे मला कधी कुणी शिकवलेलं नाही, आणि माझं मीही शिकलो नाही.

दादाने माझ्या जागेवरची पानं हाताने बाजूला केली. "बसा ना शेट, उभे काय ऱ्हायलात?"

"नको," मी म्हणालो, "दुकानात गिऱ्हाईक थांबलंय."

स्कूटर वळवून रस्त्याला लागलो. दुकानाला कुलूप होतं आणि थांबलेलं कुणी नव्हतं, हे त्या तिघांनाही माहीत होतं.