तेवढंच वाचेल ती

पनवेलच्या एका मेडिकल एन्ट्रन्स क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवते. किस्से लिहून ठेवायचं मी काही ठरवलं नव्हतं, पण जुन्या टेस्ट पेपरची मागची बाजू कोरी असते आणि पालक रोज येतात. गठ्ठा वाढतच चाललाय. बहुतेक किस्से एकाच प्रश्नाचे आहेत: किती खोलात वाचायचं? आणि उत्तर नेहमी तोच देतो ज्याने पुस्तक उघडलेलं नाही!

*

याला अपवाद आमचे मोठे सर. क्लास त्यांचाच. बत्तीस वर्षं शिकवतायत, पुस्तक तोंडपाठ.

मध्यंतरी अभ्यासक्रमातून एक धडा वगळला गेला. मला वाटलं, चला, चार लेक्चर वाचली. सरांनी त्या धड्याला सहा दिली.

"सर, वगळलाय तो."

"वगळला म्हणजे महत्त्वाचा असणार."

*

तनुजा मोऱ्याच्या कोळीवाड्यातली. आई मासे विकते. मुलगी हुशार, पण एन्ट्रन्सला एकदा नापास झालेली. हे वर्ष शेवटचं. मामाने कंटेनर यार्डात कारकुनाची जागा बोलून ठेवली होती. क्लासच्या शेवटच्या फुल टेस्टला सातशे वीसपैकी सहाशे पडले तर परीक्षेपर्यंत अभ्यास, नाहीतर सोमवारपासून यार्ड.

मामा मला म्हणाले, "मॅडम, किती वाचायचं ते सांगा. तेवढंच वाचेल ती."

मी विचारलं, "पण सहाशेच का? पाचशे ऐंशी का नाही?"

"गोल आकडा हाय."

तनुजा खाली बघत होती. मी नव्हते बघत, पण मोठ्या सरांनी मला गप्प बसायला सांगितलं.

*

एक जमीनदार पालक आले. चिडलेले.

"मॅडम, तुमी पयली पानं सोडली."

त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. पहिल्या पानांवर पुस्तक तयार करणाऱ्या समितीची नावं होती.

"काका, ते परीक्षेला नसतं."

"अर्धवट शिकवायची फी घेतली काय तुमी?"

पोराने आठवडाभरात सगळी नावं पाठ केली. हुद्द्यांसकट. वर्षभरात त्याचं तेवढंच पक्कं झालं.

*

मुलांना धीर यावा म्हणून सरांनी एका ओळखीच्या डॉक्टरांना बोलावलं. चांगलं चालणारं क्लिनिक, स्वभावाने मोकळे. म्हणाले, "एवढं डिटेल लागत नाही रे! कन्सेप्ट क्लिअर पाहिजे, बस्स!"

मागच्या बाकावरून तनुजाने टेस्ट पेपर पुढे पाठवला. डॉक्टरांनी चष्मा लावला. पहिला प्रश्न वाचला. दुसरा वाचला. मग चष्मा काढला.

"हे स्पेशालिस्टला दाखवा."

*

पालकसभेत मी एका मुलाला क्रेब्स सायकल विचारली. उत्तर त्याच्या आईने दिलं. पुढचं विचारलं, तेही तिनेच. घरी सगळे तक्ते स्वयंपाकघरात चिकटवलेत. मुलगा हॉलमध्ये बसतो.

मी म्हटलं, "काकू, फॉर्म तुम्हीच भरा."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

"वयाची अट आहे का हो?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना नवऱ्याकडे पाहिलं नाही.

*

शेवटच्या फुल टेस्टला तनुजाला पाचशे सत्त्याण्णव पडले.

चुकलेल्या प्रश्नांपैकी एक: 'हाडांचा सांगाडा असलेल्या सगळ्या माशांमध्ये एअर ब्लॅडर असतो.' म्हणजे माशाला तरंगत ठेवणारी हवेची पिशवी. तनुजाने 'चूक' लिहिलं होतं. उत्तरसूचीत 'बरोबर'. चार गेले, वर निगेटिव्हचा एक गेला.

"मॅडम, बोंबलाला नसते," ती म्हणाली.

प्रश्न मी काढला होता. एम.एस्सी. झूलॉजी, फर्स्ट क्लास. बोंबील जन्मभर खाल्लेत. कापलेत मात्र माझ्या आईने. मी म्हटलं, "पुस्तकात तसं दिलंय, तनुजा. पुस्तकाबाहेर जाऊ नकोस." हे वाक्य मी मोठ्या माणसांकडून हजारदा ऐकलंय!

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. हातात पिशवी, मागे मामा. सरांच्या टेबलावर तिने एक बोंबील ठेवला आणि सुरीने उभा चिरला.

"दाखवा, कुठं हाय?"

सर वाकले. "हा लहान आहे."

तिने दुसरा चिरला. मग तिसरा. चौथ्याला सरांनी स्वतः सुरी घेतली. सहाव्याला टेबलावर वर्तमानपत्र घातलं.

"घोलीला भोत असते, तीच तुमची हवेची पिशवी," आई म्हणाली. "ही एवढी मोठी. बोंबलाला नाय. सगल्या मोऱ्याला म्हाईत हाय."

"पण पुस्तकात आहे," सर म्हणाले.

"पुस्तकवाल्यानी कदी कापलाय काय?"

सरांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतला, उत्तरसूचीतलं 'बरोबर' खोडून 'चूक' लिहिलं आणि खाली सही केली. तनुजाचे सहाशे दोन झाले. उरलेल्या एकसष्ट मुलांचे पाच-पाच कमी झाले. त्यांच्या पालकांचे फोन मीच घेतले सगळे.

मामांनी तिथूनच यार्डात फोन लावला. "पोरगी नाय येत. सोमवारी नाय. सांगतो मंग."

तनुजा दारात घुटमळली. सर बेसिनवर कोपरापर्यंत साबण लावत होते.

"सर, खऱ्या परीक्षेत हाच प्रश्न आला तर काय लिहू?"

सरांनी नळ बंद केला.

"तिथे आई येणार आहे का?"