माझ्या बत्त्याचा आवाज

शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये होत नाही. ज्यांना होते असं वाटतं त्यांनी ती खुशाल खावी. दाण्यांना तेल सुटेपर्यंत आणि लसूण त्यात मुरेपर्यंत ती कुटावीच लागते, आणि त्यासाठी माझ्याकडे लोखंडी खलबत्ता आहे. हैदराबादच्या विद्यानगरातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटला, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराला लागून एक टीचभर बाल्कनी आहे. तिथे पाटावर बसून मी सकाळी दहाच्या सुमाराला कुटायची. मुलगी शाळेत आणि नवरा ऑफिसात गेलेला असायचा. त्याच वेळी बिल्डिंगची टाकी भरायची मोटर सुरू व्हायची. नळाला पाणी येईपर्यंत भांडी घासता यायची नाहीत, म्हणून मी चटणी उरकून घ्यायची.

आमची बिल्डिंग मधोमध उघडी आहे. समोरच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहिलं की आमची बाल्कनी दिसते. कठड्याच्या आड असल्यामुळे खल दिसत नाही, पण माझा हात वर गेलेला आणि खाली आलेला दिसतो. तेवढं पुरेसं होतं.

पहिल्यांदा समोरच्या बाई आल्या. त्यांच्या मुलीची मेडिकलची तयारी चालली होती. दुपारी दिलसुखनगरला क्लास, सकाळी घरी अभ्यास, आणि नेमकं अभ्यासाच्या वेळी हे ठाक ठाक. बोलल्या अगदी गोड. मीच ओशाळले. परक्याच्या लेकरामुळे अपराधी वाटलं की माझ्यातली सगळी भांडकुदळ बाई गळून पडते. मी माफी मागितली. तेव्हापासून खलाखाली गोधडीची चौघडी करून ठेवू लागले.

आवाज कमी झाला नाही. मी गोधडीखाली जुनं पायपुसणं घातलं, त्याखाली योगाची चटई घातली. हात हलका केला. तरी बत्ता खाली आला की ठाक. आज ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो ते हेच. मला स्वतःलाच तो माझा आवाज वाटत होता. डोळ्यांसमोर माझाच हात खाली येत होता आणि कानात ठाक वाजत होतं, मग मी कुणावर संशय घेणार? डोळ्यांनी एकदा सांगितलं की कान नंदीबैलासारखे मान डोलावतात.

महिनाभर मी कुटणंच बंद केलं, त्या वेळेला बाजारहाट करायला बाहेर पडू लागले. तरी तक्रार आली. आता मॅडम आत बसून कुटतात, असं ठरलं. असोसिएशनच्या सेक्रेटरींनी, हे पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ, मला जिन्यात गाठून ऐकवलं, की भाडेकरूंनी बिल्डिंगची रीत पाळावी, गावाकडच्या सवयी इथे आणू नयेत. माझं घराणं पाच पिढ्या हैदराबादेत आहे हे मी त्यांना सांगितलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. त्याच आठवड्यात परदेशातल्या घरमालकाचा फोन आला. असोसिएशन फार मागे लागलंय, महिनाअखेरपर्यंत मिटवा, नाहीतर दुसरी जागा बघा. मुलीचं दहावीचं वर्ष, शाळा गल्लीच्या टोकाला, आणि मी कुटत नसलेल्या चटणीपायी आम्ही घर सोडायचं होतं. नवरा म्हणाला, अगं, आपल्याकडे मिक्सर आहे ना. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मग चिडून पुन्हा कुटायला बसले. घर जायचंच आहे तर चटणी खाऊन तरी जावं. तिखट घालताना वाऱ्याची झुळूक आली आणि मूठभर लाल तिखट दोन्ही डोळ्यांत गेलं. बत्ता बाजूला टाकला आणि डोळे घट्ट मिटून, नाकातोंडातून पाणी गाळत तशीच बसून राहिले. उठून माठापर्यंत जायचंही सुधरेना.

आणि ठाक झालं. मग पुन्हा ठाक.

ते माझ्या पुढ्यातून येत नव्हतं. डाव्या हाताला, खूप खाली, भिंतीला लागून वाजत होतं. मोटर सुरू होती. टाकीला पाणी चढवणारा मोठा पाइप आमच्या बाल्कनीच्या शेजारून खाली जातो. डोळे निवल्यावर वाकून पाहिलं, तर त्याला भिंतीशी धरून ठेवणारा तळाकडचा क्लँप निखळला होता, आणि मोटर चालू असेपर्यंत तो पाइप ठरावीक ठेक्यात भिंतीवर आपटत होता. डोळे उघडे ठेवून बत्ता चालवत राहिले असते तर मला हे आणखी दहा वर्षं कळलं नसतं.

मला आनंद झाला नाही. डोक्यात तिडीक गेली. तिथल्या तिथे जाऊन पाइप दाखवता आला असता, पण ज्यांनी मला ऐकवलं होतं त्यांना मला ऐकवायचं होतं.

रविवारी मोटर लागायच्या वेळी मी सेक्रेटरींना आणि समोरच्या बाईंना समोरच्या कॉरिडॉरमध्ये उभं केलं. नवऱ्याने स्वतःच्या हातांनी खल उचलून आत नेऊन ठेवला आणि तोही तिकडे जाऊन उभा राहिला. मी रिकाम्या गोधडीपुढे पाटावर बसले. मोटर सुरू झाली, पाइपने ठेका धरला, आणि मी त्या ठेक्यावर बत्ता हवेतच खालीवर करू लागले. गोधडीला तो टेकतही नव्हता.

सेक्रेटरींनी मान हलवली. "देखो मॅडम, इत्ता आवाज. तुम खुदीच सुन लो," म्हणाले. समोरच्या बाईंनी कानांवर हात ठेवले.

मी बत्ता वर नेला आणि तसाच धरून ठेवला.

ठाक. ठाक. ठाक.

मी उठून रिकामी गोधडी कठड्यावरून झटकली. मग सगळ्यांनी माना खाली घालून पाइपकडे पाहिलं. नवरा घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. म्हणाला, "खल मीच आत ठेवला होता गं. तरी आवाज तुझ्या हातातूनच येत होता." त्याच्यावरचा माझा राग त्या वाक्याने गेला. निदान तो खरं बोलला होता.

सेक्रेटरी काय बोलले? जिन्याकडे जाता जाता म्हणाले, "फिर भी, जरा आहिस्ता करो."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला आणि क्लँप आवळून गेला. संध्याकाळी असोसिएशनच्या ग्रुपवर मेसेज आला. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू मॅडमनी सहकार्य केल्यामुळे आवाजाचा प्रश्न सुटला आहे, त्यांचे आभार. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. पाइपचा उल्लेख कुठेही नव्हता. रात्री घरमालकाने फोन करून मला शाबासकी दिली, ॲडजस्ट केलंत हे बरं झालं, राहा आता निवांत. मी उत्तर टाइप करायला घेतलं तर नवऱ्याने फोनवर हात ठेवला. घर राहिलं ना, म्हणाला. घर राहिलं. मी चूक नव्हते म्हणून नाही, तर सुधारले म्हणून.

मी आजही त्याच वेळी, त्याच पाटावर बसून कुटते. गोधडी घडी करून कपाटात ठेवली आहे. दाण्यांत पडणारा बत्ता मुळात मऊच वाजतो, तो समोर पोचतही नाही. परवा समोरच्या बाई कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून हात केला. "अब कित्ता शांत है ना मॅडम, थँक्यू," म्हणाल्या.

माझा हात तेव्हा वर होता. मी बत्ता जीव खाऊन खाली आणला, पुन्हा आणला, आणि त्या माझ्याकडे बघत हसतच राहिल्या.