पार्किंग लॉटमधला चौक

दार उघडणाऱ्या काकूंनी आधी माझ्या कोटावरची काळी पाटी वाचली, मग माझ्या सोबतिणीची, आणि घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारलं, "कोणाला बरं नाही? आम्ही तर नर्स नाही बोलावली!"

पाटीवर आडनावाआधी ‘सिस्टर’ लिहिलेलं होतं. माझं आडनाव मराठी, म्हणून त्या सरळ मराठीतच बोलल्या. मी म्हटलं, "काकू, आम्ही नर्स नाही. मॉर्मन चर्चच्या मिशनरी आहोत."

"मिशनरी? अन् मराठी?" त्यांनी मला पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "या बाप्पा आत. थंडीत काहून उभ्या राहिल्या?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून अमेरिकेत युटाला गेलो तेव्हा मी तिसरीत होते. पहिल्याच हिवाळ्यात आई आजारी पडली, आणि शेजारच्या बायकांनी पाळ्या लावून आम्हाला जेवण आणून दिलं, मला शाळेत सोडलं. त्या सगळ्या मॉर्मन होत्या. पुढे आई-बाबांनीही तोच धर्म घेतला. पुण्याच्या आजीने ते कसंबसं पचवलं, पण नात दीड वर्ष घरोघर फिरून धर्म सांगणार हे कळल्यावर ती फोनवर म्हणाली, "म्हणजे सेल्सगर्लच की गं! आणि वर पगारही नाही?"

आजीचं अगदीच चुकीचं नव्हतं. पहाटे उठायचं, व्यायाम करायचा, धर्मग्रंथ वाचायचा आणि मग दिवसभर न्यू जर्सीतली दारं वाजवत हिंडायचं. बहुतेक दारं उघडतच नसत. उघडली तर गोड हसून बंद होत. सिनेमा नाही, एकटीने कुठे जाणं नाही. सोमवारी कपडे धुवायचे, भाजी-दूध आणायचं आणि घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. सोबतीण चर्च नेमून देतं, आणि दोघींनी सतत एकमेकींच्या नजरेसमोर राहायचं असतं. माझी सोबतीण आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावर वाढलेली होती. उंच, रुंद खांद्यांची, अगदी अबोल. तिला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. रोज सकाळी ती बाथरूममधून लाल डोळ्यांनी बाहेर यायची आणि मी विचारलं की म्हणायची, "ॲलर्जी आहे."

काकूंनी आम्हाला बसवलं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्यापुढे ताजी फुलं. "चहा ठेवते," त्या म्हणाल्या. मी सांगितलं की आम्हाला चहा चालत नाही.

"कॉफी?"

"तीही नाही."

"अरे वा! मग तुमच्या घरी पाहुणे आले की काय करता?" असं म्हणून त्यांनी दोन पेले ताक आणून ठेवलं. सोबतिणीने ते एका दमात संपवलं आणि पेला पुढे केला. तेव्हापासून काकूंचं तिच्याकडे लक्ष गेलं.

मी माझं ठरलेलं बोलणं सुरू केलं. काकूंनी हात वर केला. "हे पाहा, माझ्या आजोबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. आमच्या घरातलं ते काम झालं, अन् नीट विचार करून झालं. आता पुन्हा नाही. तुम्ही ताक प्यायला केव्हाही या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हिला काय झालं? डोळे पाहा हिचे. ही रडून राहिली रोज."

मी ॲलर्जी म्हणायच्या आतच काकू इंग्रजीत तिच्याशी बोलू लागल्या. नागपूरला त्या बँकेत होत्या. काका बरीच वर्षं इथे एकटेच नोकरी करत होते. मुलगा कमावता झाल्यावर त्या राजीनामा देऊन आल्या, आणि पहिले तीन महिने नळ सोडून बाथरूममध्ये रडल्या. "मी पण नळ सोडते," सोबतीण म्हणाली. मग इतक्या दिवसांत मला जे सांगितलं नव्हतं ते सगळं तिने काकूंना सांगितलं. बटाटे काढायचे दिवस चालू आहेत, तीन भाऊ शेतावर आहेत, आणि ती दहा वर्षांची असल्यापासून चालवत असलेला ट्रॅक्टर यंदा दुसरंच कोणी चालवतंय.

"ट्रॅक्टर चालवतेस?" काकू उठल्या आणि आतून एक पुस्तिका घेऊन आल्या. लायसन्सच्या लेखी परीक्षेची. "मग मला हे शिकव. तुमचं पुस्तक मी वाचणार नाही. माझं तुम्ही वाचा."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी. काकूंना इंग्रजी उत्तम येत होतं. घोळ रस्त्याच्या बाजूचा होता. जन्मभर डावीकडून चालणारी वाहनं पाहिलेली, इथे सगळी उजवीकडून, त्यामुळे चौकात आधी कोणी जायचं हा प्रश्न आला की त्यांचं डोकं उलटं चाले. सोबतीण डायनिंग टेबलावर वाट्या आणि चमचे मांडून समजावी. बोलता बोलता ती मोठ्याने हसायलाही लागली. सकाळचा नळ कधी बंद झाला, माझ्या लक्षातही आलं नाही.

आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या वयस्क गृहस्थांनी एकदा फोनवर विचारलं की या बाई बाप्तिस्मा घेतील असं वाटतं का. मी म्हटलं, "नाही." मग जाता कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांना ड्रायव्हिंगची परीक्षा द्यायची आहे." ते म्हणाले, "बरं, जात जा."

काकू पहिल्यांदा नापास झाल्या. आम्ही गेलो तेव्हा त्या सोफ्यावर कोट घालूनच बसल्या होत्या. "आख्खी बँक सांभाळली मी," त्या म्हणाल्या, "अन् इथे कोणती गाडी आधी जाईल ते सांगता येत नाही."

पुढच्या खेपेला सोबतीण जाड खडू घेऊन आली. अपार्टमेंटच्या मागच्या पार्किंग लॉटमधल्या रिकाम्या कोपऱ्यात तिने भलामोठा चौक आखला, चारही बाजूंना थांबायच्या रेषा, मध्ये बाण. "वाट्या पुरे," ती म्हणाली. "आता तुम्ही स्वतः गाडी."

तासभर आम्ही तिघी गाड्या होऊन त्या चौकात फिरलो. काकू स्वेटरवर शाल गुंडाळून दोन्ही हातांनी न दिसणारं स्टिअरिंग धरून चालत होत्या, वळताना तोंडाने टिकटिक करत होत्या. मी मुद्दाम चुकीच्या बाजूने घुसले की ओरडत, "ए पुणेवाली, मागे हो!" वरच्या गॅलऱ्यांतून लोक पाहत होते. तेवढ्यात काका ऑफिसमधून आले. त्यांची गाडी आमच्या चौकाच्या तोंडाशी आली तेव्हा काकू आपल्या रेषेवर आधीच येऊन थांबल्या होत्या.

"थांबा!" काकूंनी हात केला. "मी आधी आले. आधी जायचा हक्क माझा, राइट ऑफ वे!"

काकांनी काच खाली केली. बायकोकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, खाली खडूच्या रेषांकडे पाहिलं. आणि ते खरोखरच थांबले. काकू आरामात, मान ताठ ठेवून चौक ओलांडून गेल्या. मग काकांनी इंडिकेटर देऊन गाडी हळूच पुढे घेतली. सोबतीण हसता हसता खालीच बसली.

दुसऱ्या परीक्षेत काकू पास झाल्या. प्रत्यक्ष गाडी शिकताना पहिल्या रविवारी त्यांचं नि काकांचं इतकं भांडण झालं की पुढचे धडे ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी दिले. एका रविवारी दोघं आमच्या चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसले. आम्ही काही बोलावलं नव्हतं. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "गाणी छान आहेत तुमची. भाषणं जरा लांबतात. आमच्याकडेही तेच होतं."

आमच्यात दर काही आठवड्यांनी बदल्या होतात. फेब्रुवारीत सोबतिणीची बदली समुद्राकाठच्या एका गावी झाली. निरोप घ्यायला गेलो तर काकूंनी तिच्यासाठी डबाभर रव्याचे लाडू केले होते. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरायला त्यांना टाचा उंचावाव्या लागल्या. "नीट जेवत जा," त्या तिला मराठीतच म्हणाल्या. सोबतिणीने मान हलवली. मला भाषांतर करावं लागलं नाही.

नवी सोबतीण ॲरिझोनाची होती, भरभर बोलणारी. पहिल्याच आठवड्यात मी तिला काकूंकडे नेलं. काकूंनी दार उघडलं, एकदा माझ्या खांद्यामागे आणखी कोणी आहे का पाहिलं, आणि मग आम्हाला आत घेतलं. ताकाचा पेला तिच्या हातात देत विचारलं, "तुला काय काय येतं?"

ती गोंधळली. म्हणाली, "मला केस कापता येतात. घरी बहिणींचे मीच कापायचे."

"खरं?" काकूंनी आपली वेणी पुढे घेतली, तिच्या टोकाकडे क्षणभर पाहिलं, आणि त्या आतून टॉवेल आणायला गेल्या.