काकांचा फोन वाजू नये म्हणून

काका मशीनचं सेटिंग करायला उभे राहिले की आधी खांद्यावरचा नॅपकिन काढून पॅनेलवर टाकायचे. मग त्याचं एक टोक उचलून, आत डोकावत बटणं दाबायचे. आम्हाला दिसायची ती फक्त त्यांची पाठ. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात तेलाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं निघतात. झाकण अर्धवट भरलं किंवा त्याच्या कडेला पापुद्रा आला तर काय करायचं, हे अख्ख्या कंपनीत एकट्या काकांना ठाऊक होतं.

मी झाकणं तपासायला लागले तेव्हा माझा डिप्लोमा नुकताच झाला होता. भुईगावहून स्कूटरने यायचे. शिकायची हौस दांडगी. "काका, कितीवर ठेवलंत?" असं विचारलं की ते म्हणायचे, "तुला काय करायचंय? उद्या लग्न करून जाशील. जा, चहा सांग." मी चहा सांगून येईपर्यंत मशीन चालू झालेलं असायचं आणि नॅपकिन पुन्हा खांद्यावर.

काका राहायचे तुळिंजला, पण जीव कोकणातल्या गावात. ते शिमग्याला गेले की गाळ्यातून त्यांना फोनवर फोन जायचे आणि परत आल्यावर ते आठवडाभर तेच सांगायचे. "पालखी दारात आलेली आणि शेठचा फोन! म्हटलं, थांबा रे जरा, तिकडे कंपनी बंद पडेल." शेठही हसायचे. हसतील नाही तर काय करतील, मशीन खरंच बंद असायचं.

एकदा आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून टेम्पो भरून झाकणं परत आली. तेल गळत होतं. काकांनी सेटिंग बदललं होतं आणि काय बदललं ते कोणालाही न सांगता घरी गेले होते. झाकणं सैल वाटतायत, हे मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. "चालतं," म्हणाले होते. शेठसमोर मात्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरीने नीट तपासलं नाही." शेठने सगळ्यांदेखत मला झाडलं. पुन्हा असं झालं तर गिऱ्हाईक जाईल आणि त्याच्याआधी तू घरी जाशील, म्हणाले.

मी रडले नाही. स्कूटर सुरू करताना ठरवलं, ह्या माणसाचा फोन बंद पाडायचा. त्यांची नोकरी मला घालवायची नव्हती. गावी बसून त्यांनी फोनची वाट बघावी आणि तो वाजू नये, एवढंच हवं होतं.

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर सर्व्हिसिंगला यायचा, मी त्याची पाठ सोडेनाशी झाले. काका जेवायला गेले की मी एका जुन्या मशीनवर सेटिंग करून बघायचे. हळूहळू हात बसला. तेव्हा एकदा मनात आलं, आता आपणही नॅपकिन टाकावा. पण मग काकांचा मान नुसता माझ्यासोबत वाटला गेला असता. मला तो मुळासकट उपटायचा होता. म्हणून मी सगळ्यांनाच शिकवायला घेतलं.

शेठकडून शनिवारी जेवणानंतरचा अर्धा तास मागून घेतला. आठवड्यात बिघडलेली झाकणं टेबलावर ओतायची आणि ज्याच्या मशीनवर बिघडली त्याने काय झालं ते सांगायचं. ओरडायचं नाही, हे शेठकडून आधीच कबूल करून घेतलं. पहिल्या शनिवारी सगळे मुकाट झाकणांकडे बघत बसले. पुढच्या शनिवारी चांदीपहून येणारी एक मशीन चालवणारी बाई म्हणाली, "ताई, माझा जरा डोळा लागला होता." सगळे हसले, तिला कोणी ओरडलं नाही आणि मग तोंडं उघडली. काका दारात उभे राहून म्हणायचे, "शाळा भरली वाटतं." मोठ्या कंपन्यांत ह्याला शिकण्याचं वातावरण की काय म्हणतात. मी सूड म्हणत होते आणि अगदी मन लावून शिकवत होते.

टेम्पो परत येईनासे झाले. ते गिऱ्हाईक टिकलंच, वर आणखी एका मापाच्या झाकणांची ऑर्डर देऊन गेलं. शेठने बाजूचा गाळा भाड्याने घेतला आणि शनिवारच्या अर्ध्या तासाची कल्पना आपलीच असल्याचं सगळीकडे सांगत सुटले. घ्या, म्हटलं. माझं लक्ष शिमग्याकडे लागलं होतं.

काका गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी झाकणं वाकडी निघायला लागली. मी पोचेपर्यंत चांदीपच्या बाईने मशीन थांबवून पुन्हा चालूही केलं होतं. "साच्याला थंड पानी कमी येत होतं, ताई. पाइप साफ केला." मी तिला मिठीच मारली. तिला वाटलं, ताईला मशीनची केवढी काळजी!

काका आले ते थेट माझ्यासमोर. "फोन लागत नव्हता का? म्हणजे हातातच होता माझ्या, पण गावी रेंजचं काही खरं नाही."

"लागला असता, काका. आम्ही लावलाच नाही."

काकांनी नॅपकिनने नुसतं तोंड पुसलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? त्या रात्री मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

आता मी तिथली सुपरवायझर आहे. परवा माझ्या भावाचं लग्न झालं, तेवढ्यासाठी रजा घेतली होती. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना पर्समधला फोन दोनदा बघितला. वाडीतल्या मंडपात आल्यावर पुन्हा बघितला. गाळ्यात नवा माल लागणार होता, काही ना काही अडणारच होतं. दुपार टळली, जेवणं उरकली आणि मग एकदाचा फोन वाजला. मी धावत कडेला केळींत गेले. काका होते.

"काय झालं, काका? मशीन थांबलं का?"

"छे! सगळं झकास चाललंय. पोरांनी सेटिंगसुद्धा केलं. तुला कोणी फोन केला नसेल, म्हटलं आपण करावा."

आणि हसून त्यांनी फोन ठेवला. पुरेपूर उट्टं काढलं म्हाताऱ्याने. मी मंडपात परत गेले, पाहुण्यांना जेवलात का विचारत फिरले. फोन मात्र पर्समध्ये टाकला नाही, हातातच ठेवला.