स्वर्गात न्यायचे निरोप

आमच्या चर्चच्या मंडळीत स्वर्गात जायची घाई कुणालाच नव्हती. दर रविवारी आम्ही त्याच्याविषयी गळा भरून गायचो आणि सोमवारी साधा खोकला आला तरी पुण्याचा डॉक्टर गाठायचो. पाळकसाहेब तर लोणावळ्याच्या थंडीत स्वेटर, मफलर आणि वर शाल असा कडेकोट बंदोबस्त करून सार्वकालिक जीवनावर तासभर बोलत. मीही त्यातलाच. फक्त शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे, ज्या गावाचा नकाशा कुणी काढला नाही त्या गावावर विश्वास ठेवणं मला जड जाई.

माझ्या आत्याची गोष्ट वेगळी, असं सगळे धरून चालले होते. मळवलीजवळच्या मिशनच्या लहानशा दवाखान्यात तिने नर्स म्हणून तीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. बेडशापासून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांपर्यंतच्या बायका बाळंतपणाला, तापाला तिच्याकडे येत. औषधाची बाटली भरता भरता ती त्यांना स्वर्गाचं सांगे. तिथे दुखणं नाही, रडणं नाही, आपली गेलेली माणसं तिथे भेटतात. बायका तोंडाला पदर लावून ऐकत, बाटली घेत आणि घरी जात. तीस वर्षांत एकीनेही बाप्तिस्मा घेतला नाही. वार्षिक सभेत आत्याच्या कामाबद्दल ‘बी पेरणे चालू आहे’ एवढंच वाचून दाखवत आणि पुढच्या विषयाला लागत.

एकोणीसशे पासष्टच्या सुमारास तिचं पोटातलं दुखणं बळावलं, तेव्हा मी तिला तुंगार्लीला माझ्या दोन खोल्यांत आणलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. मंडळीतले लोक येऊन खाटेभोवती बसत, गायनं म्हणत, “बाई, तुम्ही भाग्यवान, प्रभूजवळ चाललात,” असं सांगत आणि बाहेर पायरीवर चपला घालताना मला हळूच विचारत, “मुंबईला दाखवलंत का?”

एका सकाळी आत्या डॉक्टरांना आणखी एक इंजेक्शन मागत होती. ते गेल्यावर माझी जीभ काही आवरली नाही. म्हटलं, “तुझी जागा तर पक्की आहे. मग गाडी चुकवायची एवढी धडपड कशाला?”

ती म्हणाली, “भीती वाटते रे.”

मला फार वाईट वाटलं. उठलो आणि तिच्यासाठी पेज करायला घेतली.

भाताची झोडणी उरकली तशा बायका यायला लागल्या. पहिली आली ती बेडशाची एक मावशी, पिशवीत नवे तांदूळ घेऊन. खाटेजवळ जमिनीवर बसली आणि सरळ कामाचंच बोलली. “बाई, तुमी आता तिकडं निघालात म्हंत्यात. आमचं मालक भेटलं म्हंजी येवढं सांगा, बांधाचं भांडान मिटलं.”

आत्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ती म्हणाली, “सांगते.”

झालं. मावशीने गावात जाऊन सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या, तिसऱ्या दिवशी पाच. एकीने सासूला कळवायला सांगितलं की “माजी भाकर आता फुगती म्हनावं.” एकीला तिथे तंबाखू मिळते की नाही याची काळजी होती, कारण तिच्या बापाचं त्यावाचून हलत नसे. मी मास्तरकीच्या सवयीने त्यांना समजावायला गेलो, की तिथे जायच्या काही अटी असतात. त्यावर मावशी म्हणाली, “आसं कसं गुरुजी? बाईच म्हनायच्या की, आपली मानसं समदी भेटत्यात.”

खरं होतं. बाळंतवेणा सोसणाऱ्या बाईला आत्याने अटी कधी वाचून दाखवल्या नव्हत्या. स्वर्ग आहे आणि नर्सबाई तिथे चालल्यात, याबद्दल त्या बायकांना काडीची शंका नव्हती. आम्ही बाप्तिस्मा घेतलेले लोक मात्र मुंबईच्या डॉक्टरांचे पत्ते गोळा करत होतो.

आणि आत्या? ती चक्क खुशीत होती. पेज संपवायची, दुपारी डोळे मिटून कुणाचं काय सांगायचं ते पुटपुटत पाठ करायची. चार दिवसांत तिने इंजेक्शनचं नाव काढलं नाही.

पाळकसाहेबांच्या कानावर हे गेलंच. बायका गेल्यावर ते खाटेशी बसले. “बाई, ही खोटी आशा आहे. ज्यांनी प्रभूला स्वीकारलं नाही ते तिथे नसणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या दिवसांत असत्य वचन देऊ नका.” 

माणूस दुष्ट नव्हता. पुस्तकात होतं ते त्याने सांगितलं, नेमकं आणि नको त्या वेळी.

आत्याने भिंतीकडे तोंड केलं. मला म्हणाली, “आता कुणाला आत सोडू नकोस.” दोन दिवस मी बायकांना फाटकातून परत पाठवत होतो. आत्याने पेज सोडली. मी धरलेला हात ती सोडू देत नसे.

तिसऱ्या दिवशी मळवलीकडची एक बाई आली. तिने माझं ऐकलंच नाही, तडक आत गेली. पाळकसाहेब पवित्र शास्त्र वाचत बसले होते. त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, “बाई, माज्या पोरीला सांगा, आय येती म्हनावं. पर धाकटीचं लगीन झाल्याव.”

आत्या कोपरावर उठली. इतकी ताकद तिच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

“हिची मुलगी, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “सहा वर्षांची. घटसर्प झाला होता. दवाखान्यात माझ्या मांडीवर गेली. श्वास पुरेना, तरी मला विचारत होती, तितं मी येकलीच का? मी म्हटलं, तू पुढं हो, मी मागनं येते.” ती दम घ्यायला थांबली. “मी तिला फसवलं का?”

पाळकसाहेबांनी पान उलटलं. पुन्हा मागे घेतलं. “प्रभू दयाळू आहे,” ते म्हणाले. उत्तर येत नसलं की आम्ही सगळे हेच म्हणतो.

“ते मला माहीत आहे. पोर कुठं आहे ते सांगा.”

पाळकसाहेब पुन्हा पानं चाळायला लागले.

“मग ती असेल तिथं मी जाणार. स्वर्गात नसेल तर मलाही तिथं ठेवू नये, अशी प्रार्थना करा माझ्यासाठी.” आणि त्या बाईकडे वळून, “सांगते ग. आणखी काय सांगू?”

“तिची बाव्हली हाय म्हनावं. जपून ठिवलीया.”

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. मला वाटलं, आता रागाने उठून जाणार. पण त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं. ते मूळचे मावळातल्याच एका शेतकऱ्याचे. बाप्तिस्मा घेतला म्हणून बापाने पुन्हा उंबरा चढू दिला नव्हता, आणि बाप वारल्याचं त्यांना पंधरा दिवसांनी कळलं, हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. ते स्वतः त्यावर कधी बोलले नव्हते.

“बाई,” ते म्हणाले, “माझे वडील...” आणि अडखळले. मग ज्या बोलीत मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं तिच्यात म्हणाले, “आमच्या आबाला सांगा, पोरगं बरं हाय. राग सोडा म्हनावं.”

आत्याने विचारलं, “ओळखायचं कसं त्यांना?”

“उंच हायती. उजव्या पायानं लंगडत्यात.” मग स्वतःच म्हणाले, “न्हाई. आता लंगडत नसतील.”